मोठ्या आयटी कंपनीतून बाहेर पडताना : राजीनाम्यापासून पीएफ हस्तांतरापर्यंत

१ नोव्हेंबर २०२३ रोजी सायंकाळी मी कंपनीच्या पोर्टलवर राजीनामा भरला आणि ३० जानेवारी २०२४ हा माझा शेवटचा कामाचा दिवस असेल, असे उत्तर त्याच क्षणी पडद्यावर आले. हिंजवडीतील एका मोठ्या आयटी सेवा कंपनीत मी १६ जुलै २०१२ पासून नोकरीला होते. कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. नव्वद दिवसांची नोटीस, अंतिम हिशेब, ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणारी रक्कम), पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) हे सारे या क्षेत्रातील बहुतेक मोठ्या कंपन्यांत थोड्याफार फरकाने असेच चालते. नात्यातील आणि माझ्या जुन्या महाविद्यालयातील मुले-मुली हल्ली मला विचारतात की अशा कंपनीत राहावे की नाही. सरसकट उत्तर मला देता येत नाही, परंतु बाहेर पडताना एकेक कागद हाती येत गेला, तसा या नोकरीने काय दिले आणि काय दिले नाही याचाही हिशेब होत गेला. तो क्रमाने लिहिते.

मी मूळची सांगलीची आणि पदवी इलेक्ट्रॉनिक्सची. प्रोग्रॅमिंग परीक्षेपुरतेच येत होते. कंपनीने कॅम्पसमधून निवड केली, काही महिने पगार देऊन शिकवले आणि राहायची सोयही केली. नवख्या माणसाला पगार देऊन शिकवण्याची ही ऐपत आणि तयारी छोट्या कंपन्यांत क्वचितच असते, हे मी आजही पहिल्या फायद्यात धरते. मात्र प्रशिक्षण संपताना कोणाच्या वाट्याला जावा, कोणाच्या टेस्टिंग आणि कोणाच्या मेनफ्रेम येणार, हे त्या आठवड्यात कोणत्या प्रकल्पात जागा रिकाम्या होत्या यावर ठरले. मला मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे हिशेब सांभाळणारे जुन्या पद्धतीचे मोठे संगणक, मिळाले. त्याबरोबर कोबोल, जेसीएल, डीबीटू ही तिथली तंत्रे आली आणि एका अमेरिकी विमा कंपनीची रात्रभर चालणारी बॅच, म्हणजे एकामागून एक आपोआप होणाऱ्या कामांची मालिका. माझी आवड कोणी विचारली नाही आणि त्या वयात मलाही ती ठाऊक नव्हती, पण त्या एका वाटपाने माझी पुढची अकरा वर्षे ठरली.

पगाराची बाजू साधी आहे. २०१२ मध्ये माझे वार्षिक पॅकेज सव्वातीन लाखांच्या आसपास होते. दशक उलटल्यानंतरही मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्यांची सुरुवात साडेतीन-पावणेचार लाखांपुढे फारशी सरकलेली नाही. दरवर्षीची वाढ बहुधा महागाईच्या आगेमागे राहते आणि अप्रेझलमध्ये बेल कर्व्ह, म्हणजे प्रत्येक श्रेणीत ठरावीक प्रमाणात माणसे बसवण्याची सक्ती, असल्यामुळे चांगल्या टीममध्येही कोणाला तरी खालचा बँड द्यावाच लागतो. त्याच कामासाठी बाहेरून आलेल्या माणसाला आपल्यापेक्षा बराच अधिक पगार आहे, हे चहाच्या टपरीवर कळते आणि मनाला लागते. दुसरीकडे, महिन्याचा पगार ठरल्या तारखेला आला नाही असे एकदाही घडले नाही, अगदी एप्रिल २०२० मध्येही. प्रकल्प संपल्यावर मी दोनेक महिने बेंचवर, म्हणजे नवा प्रकल्प मिळेपर्यंत कामाविना, होते, तेव्हाही पूर्ण पगार मिळाला. बेंचवरचा ताण वेगळा असतो, रोज कोणत्या तरी अंतर्गत मुलाखतीसाठी नाव पुढे जाते आणि नकार आला की घरी सांगवत नाही. पण त्या काळात घराचा हप्ता थकला नाही, हेही खरे.

ऑनसाइटची, म्हणजे ग्राहकाच्या देशात जाऊन काम करण्याची, संधी मला मिळाली. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने माझा एच-१बी, म्हणजे अमेरिकेत काम करण्याच्या व्हिसाचा, अर्ज भरला. त्या वर्षी ८५,००० जागांसाठी सुमारे २ लाख ३६ हजार अर्ज आले होते, म्हणजे सोडतीत नाव निघणे हा निव्वळ नशिबाचा भाग होता. वकील आणि शुल्क या सर्वांचा खर्च कंपनीने केला. कनेक्टिकटमधील हार्टफर्ड या विमा कंपन्यांच्या गावात मी दोन वर्षांहून अधिक काळ राहिले आणि घराच्या कर्जाचा मोठा भाग त्या पैशातून फिटला.

ज्या फायद्याचे मोल मला सर्वांत उशिरा कळले तो म्हणजे गट आरोग्य विमा. २०२१ मध्ये सांगलीत बाबांची अँजिओप्लास्टी करावी लागली. त्यांना आधीपासून मधुमेह होता. स्वतंत्र पॉलिसीत आधीच्या आजारासाठी काही वर्षे थांबावे लागते, आमच्या गट विम्यात मात्र पहिल्या दिवसापासून संरक्षण होते. कॅशलेसची मंजुरी दुसऱ्या दिवशी दुपारी आली आणि आम्हाला खिशातून फक्त नियमाबाहेरच्या वस्तूंचे पैसे भरावे लागले. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष मी नोकरी बदलण्याचा विषयही काढला नाही. विम्यापायी नोकरीत थांबलेली माझ्यासारखी माणसे या कंपन्यांत पुष्कळ आहेत, असे माझे मत आहे.

मग सोडण्याचे कारण काय? रोजचे काम भरपूर होते, परंतु शिकणे थांबले होते. मेनफ्रेमवरून क्लाउडकडे जाणाऱ्या प्रकल्पात जागा मागितली की उत्तर येई, ‘सध्याच्या अकाउंटमधून तुम्हाला सोडता येणार नाही.’ अकाउंट म्हणजे एका ग्राहकाचे काम. जो माणूस जुने काम उत्तम करतो त्याला तिथून हलवणे कोणालाच परवडत नाही, कारण ग्राहक त्या कामाचे तासावर पैसे देत असतो. काळही फारसा अनुकूल नव्हता. २०२२ च्या जून तिमाहीत इन्फोसिसमधील गळतीचे, म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांचे, प्रमाण २८.४ टक्के होते, तेव्हा लोक हातात तीन-तीन ऑफर घेऊन फिरत होते. २०२३-२४ या वर्षात मात्र टीसीएसचे मनुष्यबळ १३ हजारांहून अधिक आणि इन्फोसिसचे जवळपास २६ हजारांनी घटले. अशा मंदीत ऑक्टोबरमध्ये मला एका परदेशी विमा कंपनीच्या खराडीतील केंद्रातून ऑफर आली. विम्याचे ज्ञान तेच, तंत्रज्ञान नवे आणि पगारात सुमारे पस्तीस टक्के वाढ. ऑफर पत्र हाती आल्यावर, त्यातील अटी दोनदा वाचून, मगच मी राजीनामा भरला. तोंडी आश्वासनावर राजीनामा देऊ नये, हे त्या वर्षी अनेकांना महागात पडून कळले.

राजीनाम्यानंतर दुसऱ्या दिवशी मॅनेजरने खोलीत बोलावले. ‘काय कमी पडलं ते सांगा, मी वर बोलतो,’ असे ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते. त्यांनी पगारवाढीचा प्रस्ताव आणतो असे सांगितले. तो आठवडाभराने आला आणि मी मागे दोन वर्षे जी मागणी करत होते त्याहून थोडा अधिक होता. राजीनाम्यानंतर जे देता येते ते आधी का देता येत नाही, हा प्रश्न मी विचारला नाही, कारण उत्तर त्यांच्या हातात नव्हते. पगाराचे अंदाजपत्रक वरून येते आणि राजीनामा अडवण्यासाठीची रक्कम वेगळ्या खात्यात असते.

नव्या कंपनीला मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हवी होते. नोटिशीच्या उरलेल्या दिवसांची भरपाई देण्याचीही त्यांची तयारी होती. येथे ग्रॅच्युइटीचा हिशेब मांडून पाहणे उपयोगी ठरले, म्हणून तो सविस्तर देते. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्यानुसार पाच वर्षांची सलग सेवा झाली की ग्रॅच्युइटी मिळत असे. सूत्र असे की शेवटचे मासिक मूळ वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक सेवा झाली असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. मी २९ डिसेंबरला बाहेर पडले असते तर माझी सेवा अकरा वर्षे पाच महिन्यांची भरली असती, म्हणजे अकरा वर्षे. ३० जानेवारीला ती साडेअकरा वर्षांच्या पुढे जात होती, म्हणजे बारा वर्षे. माझे मूळ वेतन ३८,००० रुपये होते, त्यामुळे फरक २१,९२३ रुपयांचा पडत होता. शिवाय भरपाई म्हणून नव्या कंपनीने दिलेल्या रकमेवर मला कर लागला असता. मी नव्या कंपनीला १ फेब्रुवारी ही तारीख कळवली आणि त्यांनी ती मान्य केली. राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी आपली रुजू झाल्याची तारीख आणि हे सहा महिने एकदा कॅलेंडरवर पाहून घ्यावेत.

मूळ वेतनाविषयी आणखी एक गोष्ट. मोठ्या कंपन्यांच्या पगारपत्रकात मूळ वेतन कमी आणि भत्ते अधिक ठेवण्याची पद्धत होती, त्यामुळे पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही लहान राहत. ग्रॅच्युइटी म्हणून मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के रक्कम बहुधा वार्षिक पॅकेजमध्ये धरलेली असते, पण पाच वर्षांच्या आत सोडणाऱ्याला ती मिळत नाही. पॅकेजचा आकडा पाहून हुरळून जाणाऱ्या नव्या मुलांना मी हे आवर्जून दाखवते.

नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीचा मध्य हा काळ केटीचा, म्हणजे आपले काम पुढच्या माणसाला समजावून देण्याचा. नव्वद दिवसांची नोटीस कंपनीला का हवी असते, हे या काळात नीट समजते. माझ्या जागी येणारा माणूस शोधायचा, ग्राहकाने त्याची मुलाखत घ्यायची, त्याला प्रवेशाचे अधिकार मिळायला तीन-चार आठवडे जायचे, आणि तो माझ्याबरोबर शॅडो म्हणून, म्हणजे नुसते पाहून शिकत, बसेल तेवढ्या दिवसांचे पैसे ग्राहक देत नाही. म्हणून मॅनेजरचा प्रयत्न हा की शॅडोचे दिवस कमीत कमी असावेत, आणि माझा प्रयत्न हा की बिचाऱ्याला किमान एक महिनाअखेर माझ्या देखत पाहता यावी. डिसेंबरच्या सुरुवातीला लातूरचा एक मुलगा आला, दोन वर्षांचा अनुभव असलेला, हुशार आणि घाबरलेला. पहिल्या दिवसापासून तो मला ताई म्हणू लागला.

डिसेंबरअखेरच्या बॅचला रात्री अडीचच्या सुमारास प्रीमियम आकारणीचा जॉब, म्हणजे बॅचमधील एक काम, मध्येच बंद पडला. एस-झिरो-सी-सेव्हन हा एरर, म्हणजे आकड्यांच्या रकान्यात आकडा नसलेले काहीतरी आलेले. मी घरून आणि तो त्याच्या वाकडच्या खोलीतून, असे आम्ही स्क्रीन शेअर करून बसलो. मी त्याला काही सांगितले नाही, फक्त प्रश्न विचारले. त्याने डंपमधून, म्हणजे जॉब बंद पडतानाच्या मेमरीच्या नोंदीतून, चुकीची जागा दाखवणारा ऑफसेट काढला, कंपाइल लिस्टिंगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळींच्या यादीत, ती ओळ शोधली, मग फाइलमधील नेमकी नोंद शोधली. एका एजंटाच्या कमिशनच्या रकान्यात शून्यांऐवजी मोकळ्या जागा होत्या. ती नोंद बाजूला काढून जॉब पुन्हा सुरू केला तेव्हा चार वाजले होते. ‘ताई, हे डॉक्युमेंटमध्ये कुठंच नव्हतं,’ तो म्हणाला. ते खरे होते. मी नंतर लिहून ठेवले, तरी अशा किती गोष्टी माझ्या डोक्यात होत्या याचा मलाच अंदाज नव्हता. केटीच्या एक्सेलमध्ये मात्र माझ्या नावासमोर आधीपासूनच हिरव्या रंगात ‘पूर्ण’ असे भरलेले होते, कारण तो तक्ता ग्राहकाला डिसेंबरमध्येच दाखवायचा होता. अकरा वर्षांच्या कामाचे असे हिरवे चौकोन झालेले पाहून वाईट वाटले. त्याच वेळी हेही जाणवले की मी आजारी असताना, रजेवर असताना, हार्टफर्डला असताना याच तक्त्यांच्या जोरावर कोणीतरी माझे काम सांभाळले होते आणि मला निर्धास्त झोप मिळाली होती.

जानेवारीत कागद गोळा केले. कंपनीच्या नेटवर्कवरून बाहेर पडलो की काहीच मिळत नाही, म्हणून सर्व वर्षांच्या पगारपावत्या, सर्व फॉर्म १६ (करकपातीचे दाखले), बढतीची पत्रे आणि विम्याचे ई-कार्ड मी स्वतःच्या ईमेलवर, नियमात बसेल तेवढेच, आधी उतरवून घेतले. यूएएनशी, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकाशी, जोडलेला मोबाइल क्रमांक, आधार, पॅन आणि बँक खाते तपासले. माझ्या एका सहकाऱ्याच्या नावाचे स्पेलिंग आधारवर आणि पीएफमध्ये वेगळे निघाले. नोकरीत असताना ते दुरुस्त करणे सोपे होते, बाहेर पडल्यावर जुन्या कंपनीमागे लागावे लागले असते.

विम्याचे काम मात्र डिसेंबरमध्येच सुरू केले होते. गट विमा शेवटच्या कामाच्या दिवशी मध्यरात्री संपतो. नव्या कंपनीच्या विम्यात नवरा आणि मुलगी होती, आईबाबा नव्हते. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येते आणि आधी झालेल्या काळाचा लाभ प्रतीक्षाकालासाठी धरला जातो, पण अर्ज गट विमा चालू असतानाच द्यावा लागतो. बाबांचे रिपोर्ट, डिस्चार्ज समरी आणि एचआरकडून संरक्षणाच्या कालावधीचे पत्र असे जोडून मी अर्ज दिला. वैद्यकीय तपासणी झाली, एकदा जादा कागद मागितले आणि २५ जानेवारीला पॉलिसी मिळाली. दोघांचा पाच लाखांचा वार्षिक हप्ता ६१,००० रुपयांच्या पुढे गेला. पस्तीस टक्के वाढीतून ही रक्कम वजा करून मगच वाढ मोजावी, असे मी आता सांगते.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र आणि बसचा पास परत केला. नो-ड्यूजच्या, म्हणजे काही देणे बाकी नसल्याच्या, पडद्यावर ग्रंथालय, वाहतूक, आयटी, प्रशासन, वित्त अशा खात्यांची मान्यता एकेक करून यावी लागते. ग्रंथालयातून मी कधी पुस्तक घेतलेच नव्हते आणि नेमकी तिथलीच मान्यता सर्वांत उशिरा आली. लॅपटॉपची पावती मी छापून घेतली, कारण महिन्याभराने ‘उपकरण परत आले नाही’ असा ईमेल आलेले दोघे मला माहीत होते. एक्झिट मुलाखतीत सोडण्याचे कारण यादीतून निवडायचे होते. मी ‘उत्तम संधी’ निवडले.

१ फेब्रुवारीला नव्या ठिकाणी दोन कागद जपून भरले. पहिला फॉर्म ११, म्हणजे पीएफच्या आधीच्या सदस्यत्वाची माहिती. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेले आणि १५,००० रुपयांहून अधिक वेतन असलेले लोक निवृत्तिवेतन योजनेत येत नाहीत. मी त्याआधीची सदस्य असल्याने ‘पूर्वी सदस्य होतात का’ या प्रश्नापुढे ‘होय’ लिहिणे आवश्यक होते. पगार खात्यातील मुलीने ‘नाही’ असे आधीच छापलेले अर्ज दिले होते, ते बदलून घेतले. दुसरा फॉर्म १२बी, म्हणजे जुन्या कंपनीतील उत्पन्न आणि कापलेल्या कराची माहिती. ती दिली नाही तर नवी कंपनी प्रमाणित वजावट पुन्हा धरते आणि कमी दराच्या टप्प्यांचा लाभही पुन्हा देते, मग जुलैमध्ये विवरणपत्र भरताना मोठी रक्कम व्याजासह भरावी लागते.

जानेवारीचा पगार अंतिम हिशेबापर्यंत रोखला जाणार होता, त्यामुळे घराचा हप्ता आणि शाळेचे शुल्क धरून दोन महिन्यांची सोय आधी करून ठेवली होती. कायद्यानुसार ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यावी लागते. २६ फेब्रुवारीला २,६३,०७७ रुपये जमा झाले आणि त्यावर कर लागला नाही. उरलेला हिशेब १४ मार्चला आला. त्यात जानेवारीचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे होते, आणि २०० रुपये व्यवसाय कर वजा केलेला होता. ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीचा व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार बदलणारा, पगार नव्हता. मी ती तिमाही पूर्ण काम केले होते, परंतु वाटपाच्या दिवशी पटावर असणे ही अट होती. मी लेखी विचारणा केली, नियमाच्या कलमाचा क्रमांक असलेले उत्तर आले आणि विषय संपला. या नोकरीतील माझी ही एक तक्रार आजही शिल्लक आहे. रिलिव्हिंग आणि अनुभवपत्र त्याच आठवड्यात ईमेलने मिळाले.

पीएफला सर्वाधिक वेळ लागला. आमच्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट होता, काही मोठ्या कंपन्यांत तसा असतो. त्यामुळे पीएफची रक्कम ट्रस्टकडे आणि निवृत्तिवेतनाचा भाग भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडे, अशी विभागणी असते आणि ट्रस्टकडील शिल्लक संघटनेच्या पासबुकात दिसत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोर्टलवर सोडल्याची तारीख आली, तोपर्यंत हस्तांतराचा अर्ज स्वीकारलाच जात नव्हता. अर्ज केल्यावर ट्रस्टने अनेक्श्चर-के हे सेवेचा आणि रकमेचा तपशील देणारे पत्र तयार केले. त्याची एक प्रत मी मागून घेतली आणि तिच्या आधारेच पुढे मे महिन्यात तक्रार निवारण पोर्टलवर चौकशी करता आली. रक्कम जूनमध्ये नव्या खात्यात दिसली. पैसे आल्यावर लोक थांबतात, पण सेवेच्या नोंदीही पाहाव्यात. माझ्या नोंदीत निवृत्तिवेतन योजनेची सेवा आधी शून्य दाखवली होती. दहा वर्षांहून अधिक सेवा असेल तर ही रक्कम काढता येत नाही, ती पेन्शन म्हणूनच, पूर्ण दराने ५८ व्या वर्षापासून, मिळते, त्यामुळे ही नोंद बरोबर असणे गरजेचे होते. अनेक्श्चर-केची प्रत जोडून पुन्हा तक्रार केली, आणि जुलैच्या अखेरीस १६ जुलै २०१२ ते ३० जानेवारी २०२४ अशी नोंद पोर्टलवर आली.